तांब्यावरची वेणू

पत्र

नमस्कार बाई,

माझी मुलगी दीड महिन्याची आहे आणि अजून तिचं बारसं झालेलं नाही. जन्मदाखल्यात नावाची जागा रिकामी आहे. कारण नावावरूनच घरात गाडी अडली आहे.

माझ्या आईची आई आम्हा सगळ्यांना 'लक्ष्मीआजी' म्हणूनच माहीत होती. ती गेल्यावर तिच्या फडताळात एक पितळी तांब्या सापडला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, 'वेणु'. आईला विचारलं तर म्हणाली, ते आजीचं माहेरचं नाव. लग्नात बदललं, नंतर कुणी त्या नावाने हाक मारली नाही. तेव्हाच मी ठरवलं, मुलगी झाली तर वेणू.

सासूबाई म्हणतात, "हे काय कामवाल्या मावशींसारखं नाव?" नवऱ्याला नाव आवडलंय, पण त्याच्या मते जरा नवं रूप द्यावं, 'वेणा' किंवा 'वेणिका'. नणंद अंकशास्त्र बघते. तिचं म्हणणं, इंग्रजीत व्ही, डबल ई, एन, डबल ओ असंच लिहायला हवं. भाऊ चिडवतो की शाळेत सगळे 'व्हेन्यू' म्हणतील. ऑफिसातली हैदराबादची मैत्रीण म्हणते, आमच्याकडे वेणू मुलाचं नाव. आणि मराठी शिकवणारी काकू म्हणते, तांब्यावरचा 'णु' चुकीचा, दीर्घ हवा.

ठेवू का हे नाव? आणि लिहू कसं?

— तांब्याची वारसदार, पुणे

उत्तर

प्रिय वारसदार,

ठेव. तान्ह्या बाळाच्या आईला लांबलचक उत्तर सलग वाचायला मिळत नाही, म्हणून हे पहिल्याच शब्दात सांगून टाकलं. बाकीचं बाळ झोपल्यावर वाच. (तुला 'तू' म्हणतेय. तू मला 'बाई' म्हणालीस, तेव्हाच तो हक्क मला मिळाला.)

मी एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. सुरुवातीच्या वर्गांत "सुनीता पाटील" म्हटलं की तिघी एकदम "हजर" म्हणायच्या, मग बापाचं आद्याक्षर लावून त्यांची वाटणी करावी लागे. सुनीता, अनिता, संगीता, सुरेखा. पुढे स्नेहल, प्रियांका, पूजा आल्या. निवृत्त झाले तेव्हा हजेरीपटावर आर्या, अन्वी आणि स्वरा यांची गर्दी होती. वेणू मात्र पटावर एकदाही आली नाही. वेणू मला भेटायची ती शाळा सुटल्यावर फाटकापाशी, नातवंडांना न्यायला आलेल्या आज्यांत.

ही सगळी वर्षं बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आईच्या किंवा सासूच्या पिढीतलं नाव कुणी मुलीला ठेवत नाही, पणजीचं मात्र चालतं. आईच्या वयाच्या चार मंदा आणि सहा सुरेखा आपल्या डोळ्यांसमोर वावरत असतात, त्यामुळे ते नाव ऐकलं की चष्मा, गुडघे आणि भिशी आठवते. पणजीच्या वयाचं कुणी समोर उरलेलंच नसतं, मग नाव पुन्हा कोरं वाटायला लागतं. सई, रमा, मुक्ता, जिजा, सगळ्या अशाच परत आल्या. माझ्या लहानपणी 'जिजा' म्हटलं की नऊवारीतली बाई दिसायची, आता प्ले-ग्रुपमधली दिसते. सुनीताही येईल परत. ते बघायला मी नसेन.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे धोंडी, भिकी अशीही नावं होती. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेली. आणि 'नकोशी' तर सरळ तोंडावर मारलेलं नाव. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा 'नकोशी', 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलण्यात आली. त्या मुलींनी आपापली नवी नावं घेतली. तेव्हा जुनं नाव उचलताना ते कुठल्या भावनेने ठेवलं होतं, एवढं तरी बघावं. तुझ्या आजीच्या आईबापांनी मुलीला 'बासरी' म्हटलं होतं. यात वावगं काही नाही, झालंच तर कौतुकच आहे.

आता तांब्याबद्दल. तुझं पत्र वाचताना मी तिथेच थांबले होते.

माझ्या आईच्या लग्नाची गोष्ट मला ठाऊक आहे ती अशी: लक्ष्मीपूजनाच्या वेळी तबकात तांदूळ पसरले, वडिलांनी सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, मग ते तबक सगळ्या बायकांमध्ये फिरलं. चौदा-पंधरा वर्षं जिने एका हाकेला 'ओ' दिली, तिला त्या दिवसापासून दुसऱ्या हाकेला 'ओ' द्यायची. तबकातले तांदूळ नंतर शिजवले जातात किंवा डब्यात परत जातात. जुन्या नावाचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

आपल्या थोर बायकांचंही हेच. १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच, कुर्लेकरांच्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवाविवाह केला त्या गोदूबाई जोशी, लग्नानंतर त्या आनंदी झाल्या आणि पुढे 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या. विधवेशी लग्न करण्याचं धाडस करणाऱ्या माणसाच्या घरीही नाव बदलायची चाल सुटली नव्हती. दोन यमुना आणि एक गोदा. नद्यांची नावं माहेरी राहिली.

तुझ्या आजीचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, तांब्यावर राहिलं. माहेरून आलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती म्हणून राहिलं, आणि बहुधा कुणी ते घासून काढायच्या फंदात पडलं नाही म्हणून. तिने तो तांब्या फडताळात का ठेवला असेल, यावर मी काही कादंबरी रचत नाही. रोजच्या वापरात छोटा पडत असेल. पण तुला तो सापडला आणि तू विचारलंस, हे मला फार आवडलं.

फक्त एक सांभाळ. हे नाव लेकीला देशील तेव्हा आजीचा राहिलेला हिशेब तिच्या पाळण्याला बांधू नकोस. "तुझ्या पणजीवर असा अन्याय झाला म्हणून तू वेणू," हे तिला रोज ऐकवलंस तर सोळाव्या वर्षी ती नाव बदलायला निघेल, आणि तेव्हा मी तिच्या बाजूने असेन. तांब्या दाखव, गोष्ट एकदा सांग, पुढचं तिचं ती बघेल.

सासूबाईंना काय उत्तर द्यायचं? माझ्या जिभेवर पहिल्यांदा आलं ते असं: यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई, समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई, ज्यांचा मिरजेला मठ आहे, ज्या सतराव्या शतकात बाईमाणूस असून कीर्तन करीत. बघा केवढी मोठी नावं! लिहिलं, आणि खोडलं. कारण हे उत्तर दिलं की त्यांचा मुद्दा आपण मान्य केल्यासारखं होतं. म्हणजे मोठ्या घरचं असेल तर नाव चांगलं, आणि धुणंभांडी करणारीचं असेल तर वाईट. तुमच्या मावशींचं नाव वेणू असेल तर असू दे. शहरात ज्यांनी मुलींची नावं दर दहा वर्षांनी मालिकांबरोबर बदलली नाहीत, त्यांच्या घरी ही नावं टिकली, एवढाच त्याचा अर्थ. एका परीने आपल्यासाठी ती त्यांनीच जपली. हे सासूबाईंना भाषण म्हणून ऐकवू नकोस मात्र. भाषणाने सासू वळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांच्याशी बोलायची दुसरी वाट आहे, ती शेवटी सांगते.

नवऱ्याला सांग, 'वेणा' हे नाव संत वेणाबाईंचं आहे आणि त्याला माझा नमस्कार आहे. पण मराठीत वेणा म्हणजे बाळंतपणाच्या कळा. दीड महिन्यापूर्वी त्या तू दिल्यास, तो बाहेर बाकावर बसला होता, म्हणून त्याला ते चटकन आठवलं नसेल. शाळेत नाही, पण बायकांच्या घोळक्यात हा विनोद तिच्या वाट्याला जन्मभर येणार. साताऱ्याकडची वेण्णा नदी घ्यायची म्हटली तर दोन ण्ण इंग्रजीतून सुखरूप बाहेर येत नाहीत, 'वेन्ना' होतं. आणि 'वेणिका'? ते नाव वाईट नाही, पण ते तुझ्या आजीचं नाही. साध्या नावाला 'इका' लावलं की ते साबणाच्या जाहिरातीतलं होतं, असं माझं प्रामाणिक आणि थोडं खडूस मत आहे.

आता लिहायचं कसं. मराठीत तुझी काकू बरोबर आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शेवटी ऱ्हस्व इकार-उकार असलेला शब्द मराठीत सुटा लिहिताना दीर्घ लिहायचा: कवी, गुरू, आणि व्यक्तींची नावंही तशीच. म्हणून वेणू. समासात मात्र तो मूळचा ऱ्हस्व राहतो: वेणुनाद, वेणुगोपाळ. गंमत म्हणजे वेणूताई चव्हाणांचं नावसुद्धा छापलेलं दोन्ही तऱ्हांनी दिसतं, ऱ्हस्व आणि दीर्घ. मग तांब्यावरचा 'णु' चूक का? आजीच्या लग्नाच्या वेळी हे नियम होते की नव्हते, हा प्रश्न बाजूलाच राहू दे. भांड्यांच्या दुकानात छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतो, त्याला वळणदार दीर्घ उकारापेक्षा छोटा उकार सोपा. आपल्या घरातली निम्मी भांडी तपासलीस तर शुद्धलेखनाचे अर्धे नियम मोडलेले सापडतील. तांब्यावर ऱ्हस्व राहू दे, दाखल्यावर दीर्घ लिही. दोघींच्या नावात तेवढा फरक असायला काही हरकत नाही.

इंग्रजीत: व्ही, ई, एन, यू. संपलं. डब्ल्यूने सुरुवात करू नकोस, डबल ओ नको, शेवटी एच नको.

नणंदेचं स्पेलिंग एकदा मोठ्याने वाचून बघ. व्हीनंतर डबल ई आली की कुणीही 'वी' वाचणार, 'वे' नाही. म्हणजे हाक येणार 'वीनू'. घरातल्या क्रिकेटवाल्यांना लगेच विनू मंकड आठवतील, त्यांच्याही नावाच्या शेवटी इंग्रजीत डबल ओ आहेच. उत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज होते, पण तुला मुलीचं नाव ठेवायचंय. अंकशास्त्रावर माझा विश्वास नाही, आणि असता तरी एका जागी मी अडले असते. इंग्रजी लिपीत 'ण' नाहीच. ज्या लिपीत तिच्या नावातलं मुख्य अक्षरच लिहिता येत नाही, त्या लिपीतल्या अक्षरांची बेरीज करून तिचं भाग्य कसं काढायचं?

पण नणंदेला सांभाळून घे. ती आत्या आहे. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान तिचा, आणि पाठीत धपाटे खायचाही. तिला नुसतं "नको" म्हणू नकोस. तिला पत्रिकेसाठी एक नाव निवडू दे. नाही तरी आपल्याकडे नक्षत्राचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं ही रीत जुनीच आहे. 'वे' हे अक्षर मृगाच्या पहिल्या चरणाचं. तुझी लेक त्या वेळी जन्मलेली नसेल, तर पत्रिकेत वेगळं नाव यायचंच आहे. ते आत्याच्या मनासारखं, त्याचे अंक तिच्या हिशेबाने. पाळण्यातलं मात्र वेणू. आणि हे बारशाच्या दिवशी वरवंटा हातात घेऊन "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" चालू असताना ठरवू नका, आदल्या आठवड्यात ठरवा. ऐन वेळी आत्याने कानात भलतंच नाव सांगितल्याची एक घटना आमच्या घरात घडलेली आहे. ते नाव चाळीस वर्षं चालू आहे.

भाऊ म्हणतो तो 'व्हेन्यू'चा मुद्दा खोटा नाही. मोबाइलवर इंग्रजीत नाव टाइप करशील तेव्हा तो शहाणा होऊन शेवटी आणखी एक ई चिकटवायला बघेल. त्या नावाची गाडीही रस्त्यावर आहे. काका-मामा म्हणणार, "हिच्या नावातच स्थळ आहे, वेगळं बघायला नको." एवढ्याने मुलं कोमेजत नाहीत. चिडवायचं म्हटलं तर कुठल्याही नावातून काढता येतं. वर्गात 'वेणी' म्हणतील, तेही धरून चाल. मी शाळेत पाहिलंय, ज्या मुलीला आपलं नाव कुठून आलं ते सांगता येतं, तिला चिडवायला फार मजा येत नाही.

जास्त जपायचं ते 'ण'ला. मराठी न येणारे शिक्षक 'वेनू' म्हणतील. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना एकदा नीट सांगायचं. ती स्वतःही सुरुवातीला 'वेनू'च म्हणेल, लहान मुलांच्या तोंडात ण उशिरा बसतो. तेव्हा गोड वाटतं म्हणून घरातल्यांनी तसंच म्हणायला लागू नका.

हैदराबादच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. तेलुगू आणि मल्याळी घरांत वेणू बहुतेक पुरुष असतो, वेणुगोपाळाचं लघुरूप. पण आपल्याकडे किरण मुलगाही असतो आणि मुलगीही, त्यावरून कुणाचं लग्न मोडलेलं मी ऐकलं नाही. फार तर एखादा कुरिअरवाला "वेणू सर आहेत का?" विचारेल.

कागदांचं मात्र टाळू नकोस, इथे आळस केलेला महागात पडतो. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. वेळ आहे, घाई नको. पण एकदा नाव चढलं की ते सहज बदलत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे, त्यामुळे दाखल्यावर जे स्पेलिंग, ते पुढे सगळीकडे तिच्या मागे जाणार. आपल्याकडचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. अर्जावर दोन्ही स्वच्छ अक्षरांत लिहून दे आणि छापायच्या आधी पडद्यावर स्वतः बघ. 'ण' आहे ना, उकार दीर्घ आहे ना. आधार काढतानाही हेच. तिथे इंग्रजीत नाव टाकलं की शेजारी मराठी आपोआप उमटतं, आणि एनचा बहुतेक वेळा 'न' होतो. काउंटरवरचा माणूस "चालतंय की" म्हणेल. त्याला सांग, चालत नाही.

आणि अर्ज भरताना एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे वेणूच्या शेजारी तुझं नाव येणार. लग्नात तू बदललं नसशील तर तुझ्या आईने ठेवलेलं, तेच.

आता सासूबाई. एखाद्या दुपारी बाळाला त्यांच्या मांडीवर दे, चहा कर, आणि नावाचा विषय न काढता सहज विचार: "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" त्यांच्या वयाच्या बायकांपैकी बऱ्याच जणींचं बदललेलं असतं. उत्तर चटकन येणार नाही कदाचित. "आता कशाला ते," म्हणतील. तू थांब, चहा गार होऊ दे. मग तांब्या आणून दाखव.

त्या जे नाव सांगतील ते मला कळव. तुला पुढे दुसरी मुलगी झाली तर लागेल.

तुझी,
बाई